नंबर नसलेली रांग

गिरणी कामगाराच्या घरासाठी अर्ज करायचा तर कोणते पुरावे चालतील, याची यादी म्हाडाने दिलेली आहे. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, रजेच्या रजिस्टरची नक्कल, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयसीचा नंबर, ग्रॅच्युइटीचा आदेश. वाचायला सोपी आहे. पण ज्या गिरणीने हे कागद द्यायचे, तिच्या टाइम ऑफिसच्या जागी आता सरकते जिने आहेत. आणि ज्याने ते जपून ठेवायचे, तो १९८२ चा संप लांबल्यावर खोली सोडून साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे नाहीतर कोकणात निघून गेला. पुढे तीस वर्षांनी कुणी लाल पास मागेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. लाल पासाने तेव्हा रेशनसुद्धा मिळत नव्हतं.

आणखी एक अट आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. म्हणजे ही तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची आहे. सुमारे अडीच लाख माणसं त्या दिवशी कामावर गेली नाहीत, आणि त्यातली अनेक परत कामावर गेलीच नाहीत. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. तेव्हा ही अट म्हणजे एका अर्थाने सरकारी कागदावरची कबुलीच आहे की घराचा हक्क त्या संपातून जन्माला आला. फक्त कबुली द्यायला बरीच वर्षं गेली.

मुंबईत सरकारी घराची वाट पाहणं काही १९८२ नंतर सुरू झालेलं नाही. १८९६ चा प्लेग आला, मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. १९४८ मध्ये हाउसिंग बोर्ड, १९७७ मध्ये म्हाडा. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

गिरणगावात खोली मिळवायला मात्र सरकारची गरज लागत नसे. गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळाली की माणूस मुंबईकर झाला. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. गेटवरच्या त्या रांगेतही नंबर नव्हता. कामावर घेणाऱ्या जॉबरची नजर कुणावर पडते, त्यावर दिवस ठरायचा. पुढच्या कहाणीची रीत तिथेच दिसते.

संप संपला नाही, पण गिरण्या संपत गेल्या. त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि मुंबईसारख्या बेटावर ६०० एकर म्हणजे काय, हे सांगायला नको. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वाटणी सरळ होती. इतकी सरळ की मालकांना ती परवडेना, आणि पहिली दहा वर्षं फारसं काही हललं नाही. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी व्हायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. जिथे साचे खातं, गोदाम, ऑफिस उभं होतं ती जमीन हिशेबाबाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच. तेव्हा म्हाडाच्या आणि महापालिकेच्या वाट्याला उरलं ते अंगण. याविरुद्ध जनहित याचिका झाली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. त्याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते: दादरची कोहिनूर क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना गेली, लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटींना. त्या दुरुस्तीची किंमत कुणी चौरस फुटांत मांडली तर गिरणी कामगारांच्या घरांचा निम्मा इतिहास त्यातच सांगून होईल.

जे काही मिळालं ते लढून मिळालं, हेही नोंदवायला हवं. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. मोठ्या आवाजाचा पुढारी नव्हे, चिवट माणूस. आधी देणी, मग वारसांना काम, मग घर, असा तो लढा सरकत गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

अर्ज मागवले गेले २०१० मध्ये. संप होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. बातमी गावोगाव पोचली ती एसटीने, नात्यागोत्याने, चाळीतल्या जुन्या शेजाऱ्याच्या फोनने. पुढे मुदती वाढत गेल्या, नव्याने संधी दिली गेली, आणि अर्जांचा आकडा १ लाख ७४ हजारांच्या घरात गेला. त्यांतले कितीतरी अर्ज कामगाराचे नव्हतेच, त्याच्या बायकोचे नाहीतर मुलांचे होते. वारसाचा अर्ज म्हणजे आणखी एक फाइल. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकीच्या भावंडांचं ना हरकत पत्र. एक भाऊ मुंबईत, एक गावी, बहीण सासरी. घर लागायच्या आधीच घराच्या वाटण्यांवरून बोलणं बंद झालेली कुटुंबं गिरणगावात शोधावी लागत नाहीत.

पहिली सोडत २०१२ च्या जूनअखेर निघाली. ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांची, किंमत साडेसात लाख. ज्यांना घर लागलं त्यांच्या दारात पेढे वाटले गेले, आणि पेढे संपल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: साडेसात लाख आणायचे कुठून? साठीच्या पुढच्या माणसाला बँक वीस वर्षांचं कर्ज देत नाही. मग मुलाची पगाराची स्लिप, मुलगा रिक्षावर असेल तर तीही नाही. मोफत घराची मागणी करत मोर्चे काढलेल्यांनी दागिने मोडले, गावची जमीन काढली. आणि सोडतीत नाव येणं म्हणजे ताबा नव्हे. कागदांची छाननी त्या काळी सोडतीनंतर व्हायची. आधी नशीब, मग पात्रता. नाव आलं, पेढे वाटले, आणि मग लाल पासावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून फाइल अडली, हा दुसरा मुक्काम पहिल्याहून वाईट. गिरणीत 'बाळू' म्हणून लागलेला माणूस शाळेच्या दाखल्यावर 'बाळकृष्ण' असतो, आणि बाळू हाच बाळकृष्ण हे सांगणारा जॉबर आता हयात नसतो.

२०१६ च्या मे महिन्यात दुसरी सोडत: २,६३४ घरं, किंमत साडेनऊ लाख. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिसरी: २,४१७ घरं, सहा लाखांत, पण पनवेलजवळ कोन गावी. या कोनच्या घरांपाशी जरा थांबायला हवं.

ती घरं गिरणी कामगारांसाठी बांधलेलीच नव्हती. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली होती. कल्पना चांगली होती, मुंबईत दुर्मीळ म्हणावी इतकी चांगली. गरिबाला घर विकत घ्यायला लावू नका, नाममात्र भाड्याने द्या. बिल्डरला जादा एफएसआय द्या आणि त्याच्याकडून घरं बांधून घ्या. पाच वर्षांत पाच लाख घरं, असं तेव्हा जाहीर झालं होतं. खोलीचं माप १६० चौरस फूट. बीडीडी चाळ बांधणाऱ्या इंग्रज सरकारला कामगाराला जेवढी जागा पुरेशी वाटली होती, तेवढीच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आपल्यालाही वाटली. भाड्याची योजना पुढे गुंडाळली गेली. ज्या काही खोल्या बांधून झाल्या होत्या, त्यांचं करायचं काय? दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं एक घर केलं आणि ते गिरणी कामगाराला विकायला काढलं. भाड्याचं घर मागणाऱ्याला भाड्याचं घर मिळालं नाही, आणि परळमध्ये घर मागणाऱ्याला परळमध्ये मिळालं नाही. एका फसलेल्या योजनेने दुसरीचं ओझं उचललं.

बरं, सोडत निघाली तरी चाव्या? २०२० मध्ये करोना आला आणि कोनच्या इमारती विलगीकरणासाठी ताब्यात गेल्या. रोगी गेले, तेव्हा दारं-खिडक्या, नळ, वायरिंग यांची वाट लागलेली होती, आणि दुरुस्ती कुणी करायची यावर दोन सरकारी यंत्रणांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. सोडतीला सहा वर्षं उलटली तरी लोकांच्या हाती चावी नव्हती. दरम्यान यादीत नाव लागलेल्यांपैकी काही जण गेले, आणि त्यांच्या वारसांच्या नव्या फाइली तयार झाल्या.

चौथी सोडत १ मार्च २०२० ची. बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं, आणि त्यांच्यासाठी रांगेत पावणेदोन लाखांच्या आसपास नावं. चारही सोडतींची बेरीज १५,८७०. दर अकरा अर्जांमागे एक घर, तेही पहिल्या सोडतीपासून आठ वर्षांत.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये उरलेल्या सुमारे दीड लाख लोकांकडून पुन्हा कागद मागवले गेले. वांद्र्याच्या समाजमंदिर सभागृहात, आणि ऑनलाइनही. पात्रता आधी ठरवायची, सोडत नंतर, असा हा नवा क्रम. हा बदल चांगला आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण ज्यांनी २०१० मध्ये हेच कागद दिले होते त्यांना ते पुन्हा का द्यावे लागले, हे विचारणंही चुकीचं नाही. वांद्र्याच्या त्या सभागृहात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन, नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन आलेल्या माणसाला जिना चढायचा की फॉर्म भरायचा, यातलं सोपं काय ते सांगता येत नव्हतं.

मग आलं शेलू आणि वांगणी. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर, खासगी विकासकांकडून घरं घेण्याचं ठरलं. किंमत पंधरा लाख. त्यातले साडेपाच सरकारचे, साडेनऊ कामगाराचे. ९ जुलै २०२५ ला कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावतं: गिरणी मुंबईत होती, घर मुंबईत द्या. आणि ही घरं नाकारली तर हक्कच जाईल, असं सांगणारं त्या निर्णयातलं सतरावं कलम रद्द करा. एखाद्याला वांगणी बरी वाटेल. शांत आहे, गावासारखी आहे. पण 'घे नाहीतर नाव काढतो' हे देणं नव्हे. मुंबईत गिरणीचा भोंगा ऐकून उठलेल्या माणसाला सत्तरीत दोन तास लोकलमध्ये उभं राहून केईएममध्ये तपासणीला यायला लावणं, यात सोय कुणाची होते?

या सगळ्या काळात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. अर्जदारांच्या यादीला आपण प्रतीक्षा यादी म्हणतो, पण या यादीत प्रतीक्षेला किंमत नाही. म्हाडाच्या सर्वसाधारण सोडतीत ते समजण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत ४,०८२ घरांसाठी सव्वा लाखाच्या आसपास अर्ज होते. घर लागलं नाही की अनामत रक्कम परत, पुढच्या वेळी नव्याने फॉर्म. सोडतीला मागचं काही आठवत नसतं. गिरणी कामगाराची यादी मात्र २०१० पासून एकच आहे, तीच नावं, तीच माणसं. तरीही प्रत्येक वेळी संगणकात सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच पडतात. १९५५ ला साच्यावर उभा राहिलेला म्हातारा आणि १९८५ ला बदलीवर लागलेला पोरगा यांच्या चिठ्ठीत फरक नाही. सोडत आली ती वशिला मोडायला, आणि तिने तो बऱ्याच अंशी मोडला, हे मान्य. जॉबरच्या नजरेपेक्षा संगणक केव्हाही बरा. पण ज्या यादीतली माणसं दरवर्षी मरत आहेत, तिथे सगळ्यांना सारखं मोजणं म्हणजे म्हाताऱ्यांना मागे ढकलणं.

म्हाडाकडे आता तपासलेले कागद आहेत आणि त्यांत प्रत्येकाची जन्मतारीख आहे. पुढच्या सोडतीआधी ही यादी वयाप्रमाणे लावावी, ऐंशीच्या पुढच्यांना आणि विधवांना आधी घर द्यावं, आणि प्रत्येकाला त्याचा नंबर लेखी कळवावा. यासाठी गिरणीची एक फूटही जमीन लागत नाही.