रिपोर्टचा फोटो किती दाबायचा?

पोशेऱ्याच्या रुग्णाला पुढे पाठवायचे, तर जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, नाहीतर थेट नाशिक. हल्ली रुग्णाआधी त्याच्या कागदांचे फोटो निघतात. मोखाड्याच्या डोंगरात रेंजची एखादीच काडी दिसते आणि फाइल नुसती फिरत राहते. दोष रेंजचा आहेच; पण बऱ्याचदा फाइलही विनाकारण जड असते.

१२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा. असे चार फोटो वर्डमध्ये चिकटवले की फाइल १५ एमबीच्या घरात जाते. वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर ती पोहोचायला दोन मिनिटे लागतात (१ बाइट म्हणजे ८ बिट), तीही मध्ये संपर्क तुटला नाही तर. पुष्कळजण कोपरा ओढून फोटो पानावर लहान करतात. तो लहान दिसतो खरा, पण आत मूळ फोटो तसाच राहतो! त्याऐवजी वर्डमधले ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरावे, किंवा फोटोची लांब बाजू आधीच १६०० पिक्सेलवर आणावी. छापील रिपोर्ट वाचायला एवढे सहसा पुरते. फाइल दीड-दोन एमबीवर येते आणि पंधरा सेकंदांत पोहोचते.

मग आणखी दाबायला काय हरकत? जेपीईजी पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. माणसाच्या चेहऱ्याला हे चालून जाते. अक्षरांच्या कडा मात्र धुरकटतात. ‘२.५ मिग्रॅ’मधले टिंब पुसले गेले, तर डोस दहापट वाचला जाईल.

याहून फसवा प्रकार २०१३ मध्ये जर्मनीत उघड झाला. झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. ६ चा ८ होत होता. संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी हे दाखवून दिले. जागा वाचवण्यासाठी जेबिग-२ ही पद्धत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच ठसा वापरत होती. पान अगदी स्वच्छ दिसे, म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे तो आणखी दाबला जात नाही. वेळ लागला तरी चालेल. आणि औषधाचे नाव व डोस सोबत टाइप करावा. तो मजकूर जेमतेम शंभर-दोनशे बाइटचा. एका काडीवरही निघून जातो.