शंका, धास्ती आणि रक्ताची तपासणी

आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असे पुष्कळांना वाटेल. पण जो विषय चारचौघांत बोलता येत नाही, तोच माणसाला एकट्याला रात्रभर जागे ठेवतो. म्हणून तो आज मुद्दाम घेतला आहे. विषय आहे हर्पीस नावाच्या रोगाचा. आणि त्याहीपेक्षा, तो आपल्याला झाला असेल का, या धास्तीचा.

एका तरुणाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, आणि त्याची जरूरही नाही. खेड्यातला मुलगा, पुण्याजवळ कारखान्यात नोकरीला. एका रविवारी सकाळी घरी आला. डोळे तारवटलेले. "सर, माझं लग्न मोडावं लागणार," एवढेच म्हणाला आणि गप्प बसला. चहा झाल्यावर हळूहळू सारे बाहेर आले. काही दिवसांपूर्वी त्याचा एका स्त्रीशी संबंध आला होता. दोन दिवसांनी मनात शंका शिरली. मोबाईलवर वाचता वाचता शंकेची धास्ती झाली. पाचव्या दिवशी त्याने कोणालाही न विचारता एका तपासणी केंद्रात रक्त दिले. कागद आला, त्यावर 'पॉझिटिव्ह' असा शिक्का. अंगावर फोड नाही, पुळी नाही, ताप नाही. आणि तरी या गड्याने वैशाखातले लग्न मोडायचे ठरवले होते, तेही कारण न सांगता.

आता त्या कागदाचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी आधी रोग समजून घेतला पाहिजे.

हर्पीस हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. त्या विषाणूचे दोन प्रकार: नंबर एक आणि नंबर दोन. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार पुळ्यांचा झुबका उठतो आणि घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "अंगातला ताप बाहेर पडला." तो बहुधा नंबर एकचा प्रताप. हा विषाणू पुष्कळांना लहानपणीच, मोठ्यांनी मुका घेताना मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील पन्नास वर्षांखालील माणसांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे. नंबर दोन मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो आणि जननेंद्रियाच्या आसपास फोड आणतो. १५ ते ४९ वयाच्या माणसांत त्याचे जगातील प्रमाण सुमारे १३ टक्के धरले जाते. नंबर एकही शरीरसंबंधातून खाली उतरू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इथे एक घोटाळा दूर करतो. आपण जिला नागीण म्हणतो, तिलाही डॉक्टर हर्पीसच म्हणतात, पण 'झोस्टर' हा शब्द पुढे लावून. ती अगदी निराळी. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे केव्हातरी अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो. तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूतही खोटी. तेव्हा कोणाच्या कागदावर हर्पीस शब्द दिसला म्हणून त्याच्या चारित्र्यावर जाऊ नये.

पुन्हा मूळ मुद्द्याकडे येऊ. हा रोग कातडीला कातडी लागून पसरतो. संडासाचे भांडे, टॉवेल, विहिरीचे पाणी, एका ताटात जेवणे यांनी जननेंद्रियाचा हर्पीस होत नाही. विषाणू अंगात शिरला, तर फोड बहुधा दोन ते बारा दिवसांत उठतात. आधी चुणचुण आणि आग, मग पाणीदार फोड, मग फुटून दुखणाऱ्या जखमा. शिवाय जांघेत गाठ, कधी ताप. दोन-तीन आठवड्यांत जखमा भरून येतात. विषाणू मात्र मज्जातंतूंत कायम राहतो आणि अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो. पण पुढच्या खेपा बहुधा सौम्य असतात. पुष्कळांना तर फोड इतके थोडे येतात की आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताच नसतो. म्हणून ज्याच्याकडून तो लागतो त्याने फसवलेच असेल, असेही म्हणता येत नाही.

आता तपासणी. ती दोन तऱ्हेची असते. अंगावर फोड असेल, तर त्या फोडातला स्राव कापसाच्या बोळ्याने घेऊन त्यात विषाणू आहे का ते पाहतात. ही सर्वांत भरवशाची. पण फोड ताजा हवा. म्हणजे उठल्यापासून एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे गेले पाहिजे. हळद लावून, मलम चोपडून आठवड्याने गेलात तर पुरावा नाहीसा झालेला असतो. दुकानातून विचारून आणलेली खाज थांबवण्याची मलमे तर मुळीच लावू नयेत.

दुसरी तपासणी रक्ताची. ती विषाणू शोधत नाही. विषाणूशी झुंजण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. पेरणी केल्याच्या पाचव्या दिवशी कणसे मोजायला कोणी शेतात जातो का? प्रतिद्रव्ये पुरती दिसायला बारा आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात. म्हणजे त्या तरुणाने पाचव्या दिवशी जी तपासणी केली, तिने त्या घटनेबद्दल होय किंवा नाही काहीच कळणार नव्हते.

मग 'पॉझिटिव्ह' कसे आले? त्याच्या कागदावर 'आय.जी.एम.' अशी अक्षरे होती. ही तपासणी हर्पीसच्या बाबतीत भरवशाची नाही. जुना संसर्ग असला तरी ती होकार देते, नंबर एक आणि दोन यांत तिची गल्लत होते, आणि काही वेळा संसर्ग नसतानाही ती होकार देते. करायचीच झाली, तर नंबर एक आणि नंबर दोन निरनिराळे दाखवणारी 'आय.जी.जी.' तपासणी करावी. तिच्यातही आकडा काठावरचा आला, तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय तो खरा मानू नये.

शिक्षकबंधूंसाठी एक हिशेब मांडतो. वर्गात फळ्यावर घालण्याजोगा आहे. समजा, गावात १००० माणसे आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर संसर्ग आहे. तपासणी या पन्नासांना बरोबर ओळखते, पण निरोगी माणसांत दर शंभरी दहा चुका करते, असे धरू. निरोगी ९५०, त्यांतल्या ९५ जणांच्या कागदावर खोटाच होकार येईल. एकूण होकार १४५, आणि त्यांत खरे ५०. म्हणजे तिघांपैकी दोघे विनाकारण झोप घालवून बसणार! आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण गोष्ट खरी आहे. म्हणूनच कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

याचा अर्थ रोग क्षुल्लक आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. आपल्या पुण्याचेच उदाहरण देतो. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या २७३२ रुग्णांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला यांतल्या कोणालाही एच.आय.व्ही. नव्हता, पण ४३ टक्के लोकांत नंबर दोनचा हर्पीस आढळला. आणि ज्यांना हर्पीस नुकताच लागला होता, त्यांना एच.आय.व्ही. लागण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पावणेचारपट दिसला. फोड म्हणजे कातडीला पडलेली खिंडच; तिथून दुसरा शत्रू आत शिरतो. हे ४३ टक्के दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, साऱ्या पुणे शहराचे नव्हेत, हे आपले शिक्षक सांगतीलच.

तेव्हा असा प्रसंग घडला, तर हर्पीसचीच माळ जपत बसण्यापेक्षा कामाचा क्रम लक्षात ठेवावा. एच.आय.व्ही.चा धोका वाटत असेल, तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टरांना जरूर वाटल्यास २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध मिळते. एच.आय.व्ही. आणि गरमी म्हणजे सिफिलीस यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करून खात्री करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' यासाठीच आहे. पुण्यात ससूनसारख्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. १०९७ या फुकट क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. एच.आय.व्ही.ची तपासणी संमतीशिवाय करू नये आणि तिचा निकाल गुप्त राहावा, यासाठी २०१७ चा कायदा आहे. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' असे रंगवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. हर्पीस मुळासकट काढणारे औषध जगात अजून कोणाकडे नाही.

पण त्याला आवरणारे औषध आहे. असायक्लोव्हिर हे ते औषध. ज्या प्रयोगशाळेत ते निघाले, तिथल्या गर्ट्रूड एलियन या विदुषीला औषधशोधाच्या कार्याबद्दल १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फोड उठताच गोळ्या सुरू केल्या तर त्रास लवकर आटोपतो. वरचेवर उठत असतील तर रोज गोळी देऊन त्यांना आळा घालता येतो, आणि जोडीदाराला लागण्याचा संभवही कमी होतो. निरोधाने धोका कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही; फोड असताना संबंध टाळणे हेच उत्तम. गरोदर बाईला किंवा तिच्या नवऱ्याला हा रोग असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण बाळंतपणाच्या सुमारास नवा संसर्ग झाला तर बाळाच्या जिवाला धोका असतो. एवढी काळजी घेतली, तर हर्पीस असलेली माणसे लग्न करतात, त्यांना निरोगी मुले होतात, संसार चालतो.

हे सारे उघडपणे सांगणारा माणूस महाराष्ट्रात फार पूर्वी होऊन गेला. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. गुप्तरोगाला लपवले की तो वाढतो, हे त्यांचे सांगणे आजही शिळे झालेले नाही.

आता त्या तरुणाचे काय झाले? तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तपासले, फोड नाही म्हणाले, आणि बारा आठवडे थांबायला सांगितले. लग्न मोडले नाही. दोन महिने पुढे ढकलले. या काळात त्याला घामोळे दिसले तरी फोन यायचा. दाढीच्या पात्याने झालेली पुळी दिसली तरी फोन यायचा. शेवटी तपासणी झाली. एच.आय.व्ही. नाही, गरमी नाही, हर्पीस नंबर दोन नाही. नंबर एकची प्रतिद्रव्ये होती. ती बहुधा लहानपणापासूनची.

मला वाटले, आता सुटला. पण आठ दिवसांनी पुन्हा दारात. "सर, आणखी एकदा करून बघू का?" तेव्हा माझ्या ध्यानात आले की याला रोगाची भीती उरली नव्हती, केल्याची टोचणी उरली होती. दोन निरनिराळे हिशेब त्याने एकाच वहीत मांडले होते. मी म्हणालो, "बाबा रे, रक्ताचा हिशेब पुरा झाला. उरलेला हिशेब प्रयोगशाळेत होत नाही. तो जिच्याशी संसार करायचा तिच्याजवळ कर." त्याने तो केला. तिने काय उत्तर दिले, ते मी विचारले नाही. लग्नाची पत्रिका मात्र मला आली.

तुमच्याकडे असा कोणी मुलगा, अशी कोणी मुलगी आली, तर आधी बसायला सांगा. रागे भरायला पुढे पुष्कळ वेळ आहे. तपासणीची तारीख मात्र नीट मोजून द्या.