साधी ईद

रमजानचा चाँद दिसला की आपल्या मोहल्ल्याचे रूपच पालटते. पहाटे सेहरीसाठी घराघरांत दिवे लागतात. संध्याकाळी सर्वांचे कान मगरिबच्या अजानकडे लागलेले असतात. रात्री तरावीहच्या नमाजासाठी मशिदी भरून जातात. अशा दिवसांत घरातील एखादे माणूस आजारातून उठत असेल, तर त्याने काय करावे? त्याचा रमजान वाया गेला, असे समजावे का?

२०२५ सालची गोष्ट. त्या वर्षी आपल्याकडे २ मार्चला पहिला रोजा होता. माझ्या वर्गातील आठवीचा एक मुलगा नुकताच विषमज्वरातून उठला होता. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. मधल्या सुट्टीत तो वर्गाच्या कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून गोळी घेत होता. मला पाहताच त्याने पाण्याची बाटली दप्तरात लपवली. मान खाली घालून तो म्हणाला, "सर, घरात सगळ्यांचे रोजे आहेत. माझाच नाही. मला फार शरम वाटते. उद्यापासून मी गोळ्या बंद करून रोजा ठेवणार आहे."

मी त्याला जवळ बसवले. त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगतो.

विषमज्वराचे जंतू दूषित पाणी व अन्न यांतून पोटात जातात आणि आतड्याला इजा करतात. ताप उतरला म्हणजे रोगी पूर्ण बरा झाला, असे नव्हे. आतडे पूर्ववत होण्यास आणखी काही दिवस लागतात. थोडे जंतूही शरीरात उरलेले असू शकतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडल्या, तर ताप उलटण्याची भीती असते. या काळात रोग्याने थोडे थोडे मऊ अन्न अनेकदा खावे व भरपूर पाणी प्यावे. मग दिवसभर उपाशी व तहानलेले राहून कसे चालेल?

कुरआन शरीफच्या सूरह बकरहमध्ये रोज्याचा हुकूम आहे. त्याच ठिकाणी आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली आहे. जितके रोजे सुटतील, तितके त्याने पुढे बरे झाल्यावर ठेवावेत. यालाच आपण कजा रोजे म्हणतो. म्हणजे ही सवलत पळवाट नाही. ती हुकमाचाच एक भाग आहे.

पण ज्यांचा आजार बरा होणारा नसतो, त्यांनी काय करावे? त्या मुलाच्या दादी फार वृद्ध आहेत. त्यांना मधुमेह आहे व रोज इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांना रोजा झेपणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. अशा व्यक्तीने प्रत्येक रोज्याबद्दल एका गरजू माणसाला जेवू घालावे. याला फिदया म्हणतात. बरे होण्याची आशा असेल तर कजा आणि ती नसेल तर फिदया, हा फरक लक्षात ठेवा.

मुलाने घरी जाऊन हे सर्व सांगितले. तोपर्यंत तो स्वयंपाकघरात एकटाच जेवत असे. त्या दिवसापासून अब्बांनी त्याला इफ्तारच्या वेळी सर्वांबरोबर बसवले. अम्मीने भजी व समोसे कमी केले. खजूर, पाणी, फळे आणि मुगाच्या डाळीची मऊ खिचडी असा बेत सर्वांसाठीच होऊ लागला. विषमज्वरातून उठलेल्याने काही दिवस इतरांना अन्न वाढू नये; त्याच्या हातून जंतू पसरू शकतात. म्हणून त्याने साबणाने हात धुऊन फक्त दस्तरखान अंथरावा आणि घड्याळ पाहून अजानची वेळ सांगावी, असे ठरले. दुपारी तो दादींजवळ बसून कुरआन शरीफ वाचत असे.

३१ मार्चला ईद झाली. औषधपाण्यात बराच पैसा खर्च झाला होता. त्यामुळे नवे कपडे शिवले नाहीत. गेल्या वर्षीचेच कपडे अम्मीने धुऊन इस्त्री करून ठेवले. फितरा मात्र अब्बांनी घरातील प्रत्येकाच्या नावाने नमाजापूर्वीच दिला. ईदगाह लांब होता, म्हणून बापलेकांनी मोहल्ल्यातील मशिदीत नमाज अदा केली. घरी बेताचे तूप घातलेला शिरखुर्मा होता. पाहुण्यांनाही एकाच दिवशी न येता सवडीने येण्यास सांगितले होते.

त्या दिवशी आलेल्या एका पाहुण्याने थट्टेने विचारले, "का रे, एकही रोजा नाही, मग तुला ईद कसली?" मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा दादी म्हणाल्या, "ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच आजाऱ्याला सूट दिली. मग ईद त्याची का नाही?" पाहुण्याला आपली चूक कळली. त्याने मुलाला जवळ घेऊन ईदी दिली.

मुलांनो, चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दरवर्षी तितका अलीकडे येतो. २०२४ साली ईद ११ एप्रिलला होती, ती २०२५ साली ३१ मार्चला आली. कजा रोजे मात्र आपल्या सोयीचे दिवस पाहून ठेवता येतात. मुंबईत जूनमधील रोजा सुमारे साडेचौदा तासांचा, तर डिसेंबरमधील सुमारे सव्वाबारा तासांचा असतो. त्या मुलाने आपले २९ रोजे वहीत मांडून ठेवले आणि हिवाळा येण्याची वाट पाहिली.

डिसेंबरमध्ये एके दिवशी मधल्या सुट्टीत सगळी मुले डबे उघडून बसली होती. तो मात्र नुसताच गप्पा मारत होता. मी विचारले, "डबा आणला नाहीस का?" तो हसून म्हणाला, "सर, आज माझा अकरावा कजा रोजा आहे."

या वेळी त्याची मान खाली नव्हती.

शब्दार्थ
पाठमोरा – पाठ केलेला
दूषित – घाण मिसळलेले
ताप उलटणे – गेलेला ताप पुन्हा येणे
सवलत – सूट
बेताचे – थोडे, जरुरीपुरते

स्वाध्याय
१. मुलाने पाण्याची बाटली दप्तरात का लपवली?
२. कजा आणि फिदया यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. विषमज्वरातून उठलेल्या माणसाने कोणती काळजी घ्यावी?
४. 'या वेळी त्याची मान खाली नव्हती', असे लेखक का म्हणतात?
५. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर ईदच्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी काय कराल? पाच वाक्ये लिहा.