पोटावरची पिशवी – १४ : बोटांचा प्रश्न

लघवीच्या स्टोमाला, म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या तोंडाला, रात्री जोडायच्या मोठ्या पिशवीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. किन्हवलीकडच्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहायला हात वळेना.

सासरे ६८ वर्षांचे. गुदाशयाचा कर्करोग, त्यासाठी कायमची कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा. वर्षभरात त्यांनी सगळं स्वतः करायला शिकून घेतलं होतं. मग पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. आता पिशवी मुलगा बदलतो, पण त्याला रात्रपाळी असते. मध्यरात्री गळती सुरू झाली तर सासरे सकाळपर्यंत पोटावर टॉवेल दाबून बसून राहतात. सुनेला हात लावू देत नाहीत. "त्यांना एकट्याला, एका हाताने जमेल असं काही मिळतं का?" एवढंच त्यांनी विचारलं आहे.

मिळतं, आणि जमतंही. पण उत्तर एका वाक्यात देऊन भागणार नाही, कारण हा प्रश्न एकट्या त्यांच्या सासऱ्यांचा नाही. माझ्या आईचाही हाच होता.

आईबद्दल इथे बरंच लिहून झालंय, तिच्या बोटांबद्दल मात्र लिहायचं राहिलं होतं. वैशाखऱ्याला आमची भाताची खाचरं. आईने तिथे चाळीसेक पावसाळे आवणी केली. पुढे आमवाताने तिची बोटं करंगळीकडे झुकली, अंगठा आत वळला. भाकरी थापता येत होती, पण सुईत दोरा ओवता येत नव्हता. स्टोमा झाला तेव्हा हात असे होते. घरी सोडायच्या दिवशी पिशवी कशी लावायची ते मला दाखवलं गेलं, नीट दाखवलं गेलं, दोनदा करूनही घेतलं. आईच्या हातांकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. परत येताना एसटीत, मुरबाडच्या अलीकडे, पिशवीच्या शेपटाची (खालच्या तोंडाची) क्लिप सुटली. स्टँडवर गाडीत बसायच्या आधी आई स्वच्छतागृहात गेली होती आणि तिने क्लिप आपल्या परीने लावली होती. तिला वाटलं, लागली. लागली नव्हती.

तेव्हापासून मला या क्लिपचा राग आहे. प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावरून शेपूट एकदा दुमडायचं, दुसरी पट्टी वर आणून टोकाशी दाबायची, 'टक' आवाज आला की बंद. धडधाकट माणसाला दोन सेकंदांचं काम. पण ते सगळं चिमटीचं काम आहे. हाताच्या शक्तीचे नाना प्रकार असतात, आणि आमवातात, कंपवातात, म्हातारपणात चिमटीचं काम लवकर जड जातं, तळहाताने दाबणं त्यामानाने टिकतं. पिशवीचं जवळजवळ प्रत्येक काम नेमकं चिमटीवर टाकलेलं आहे: मागचा कागद सोलणं, भोक कापणं, क्लिप लावणं, दोन भागांच्या पिशवीची रिंग बसवणं. म्हणून उपाय शोधताना मी एकच गोष्ट विचारतो. चिमटीचं काम तळहाताकडे कसं देता येईल?

ही युक्ती माझी नव्हे. हा एका अख्ख्या व्यवसायाचा पाया आहे, आणि आपल्याकडे तो व्यवसाय आणला एका विलक्षण बाईंनी. कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकेतल्या क्वेकर घरातल्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं, देशातलं पहिलं. १९५२ मध्ये या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा अनेकांना माहीत असते, पण ते नाव ज्यांचं, त्यांनी हजारो अधू हातांना जेवायला, लिहायला, बटण लावायला पुन्हा शिकवायची सोय करून दिली, हे फार थोड्यांना माहीत असतं. फिजिओथेरपिस्ट सांधा किती वळतो ते पाहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या हाताने माणूस आपली नाडी बांधू शकतो का ते पाहतो. पिशवीवाल्या माणसाला या दुसऱ्या नजरेची फार गरज आहे. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आणि मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत हा विभाग असतो. तिकडे जाल तेव्हा वापरायची पिशवी, क्लिप, कात्री सगळं सोबत न्या आणि त्यांच्यासमोर करून दाखवा. नुसतं तोंडी सांगून कळत नाही.

आता कात्री. नव्या पिशवीच्या चिकट चकतीला स्टोमाच्या आकाराचं भोक पाडायचं असतं, स्टोमापेक्षा साधारण ३ मिलिमीटर मोठं. चकती जाड, चिवट, कात्री लहान आणि वाकडी. आईचा अंगठा कात्रीच्या कडीत शिरतच नसे. मी कड्यांना सायकलची ट्यूब गुंडाळली, थोडा फरक पडला. दाबली की कापते आणि सोडली की आपोआप उघडते अशी स्प्रिंगची कात्री आणली, त्याने जास्त पडला, कारण ती मुठीत धरता येते. पण खरा उपाय टोकावड्याच्या शिंप्याने सांगितला. कात्रीला धार लावून घ्यायला गेलो होतो. त्याने कशासाठी म्हणून विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "दर खेपेला कशाला कापता? फर्मा द्या, दहाच्या दहा कापून देतो." पुठ्ठ्याचा फर्मा दिला. त्याने कागदाच्या बाजूला खडूने आखून दहाही चकत्या एका बैठकीत कापल्या, कडेवरून बोट फिरवून खरखर राहिली नाही ना ते पाहिलं, आणि पैसे घेतले नाहीत.

एक लक्षात ठेवायचं. ऑपरेशननंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत असतो, तेव्हा दोन-तीनपेक्षा जास्त कापून ठेवू नका. एकदा माप स्थिर झालं की वाटेल तितक्या ठेवा, किंवा स्टोमा गोल असेल तर कारखान्यातूनच त्या मापाचं भोक पाडून आलेली पिशवी मागवा. कापलेल्या चकत्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात चिकटा वितळतो.

भोक न कापता बोटांनी ताणून, कडा मागे वळवून आकार द्यायच्या चकत्याही मिळतात. कात्री टळते, पण बोटांत थोडा जोर लागतो. थंडीत ती चकती आधी पाच मिनिटं काखेत धरावी, मऊ होते.

या बोटांनी ताणायच्या चकतीची पणजी आमच्या डोंगरात उभी आहे, म्हणून थोडं आडवळण घेतो. नाणेघाटाच्या बाजूला आमच्याकडे कांडोळाची झाडं आहेत. पानं गळली की पांढरंफटक खोड चांदण्यात असं दिसतं की काही ठिकाणी त्याला भुत्याच म्हणतात. त्याच्या डिंकाला जगाच्या बाजारात कराया म्हणतात, आणि तो मुख्यतः भारतातून जाई. पाणी लागलं की हा डिंक फुगतो आणि चिकट होतो, म्हणून परदेशात तो कवळी हिरडीला धरून ठेवायच्या भुकटीत वापरत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रूपर्ट टर्नबुल या सर्जनने ही भुकटी स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर वापरून पाहिली. कातडी बरी झाली. त्याआधी लहान आतड्याच्या स्टोमातून येणाऱ्या पाचक रसाने माणसांचं पोट अक्षरशः भाजून निघत असे आणि पिशव्या रबराच्या, सिमेंट नावाच्या रबरी गोंदाने चिकटवायच्या. पुढे करायाच्या मऊ चकत्या निघाल्या, स्टोमाच्या मापाला बोटांनी ताणून बसवायच्या. आज त्यांची जागा कृत्रिम चिकट्याने घेतली आहे, कारण कराया उष्णतेने आणि ओलाव्याने लवकर विरघळतो. टर्नबुलचीच एक रुग्ण होती नॉर्मा गिल. तिला स्वतःला इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, होती. १९५८ मध्ये त्याने तिला इतर रुग्णांना शिकवायला नेमलं आणि स्टोमा थेरपी नावाचा व्यवसाय तिच्यापासून सुरू झाला. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला त्या बाईपेक्षा कांडोळाचं जास्त नवल वाटलं. लहानपणी तिने त्याच्या बिया भाजून खाल्ल्या होत्या.

परत बोटांकडे येऊ, कारण एक प्रकार याहून फसवा आहे. हात दिसायला चांगला, ताकदही आहे, पण बोटांना कळतच नाही. मधुमेहात होतं. आणि आतड्याच्या कर्करोगात जे ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध बऱ्याच जणांना शिरेतून देतात, त्यानेही होतं. डोस दिल्यानंतरचे काही दिवस गार पाण्याला हात लावला की मुंग्या येतात, ठणकतं. पुढे डोस साठत गेले की बधिरपणा टिकून राहतो, आणि कधी कधी औषध थांबल्यावरही काही महिने वाढत जातो. म्हणजे ज्या आजाराने पिशवी आली, त्याच आजाराच्या औषधाने ती सांभाळणारी बोटं बधिर होतात. हे डॉक्टरांना पहिल्या मुंग्यांपासून सांगा, कारण डोस कमी करायचा की थांबवायचा हे ते त्यावरून ठरवतात.

इथे धोका दुहेरी आहे. स्टोमाला स्वतःला वेदना कळत नाही. चकतीचं भोक आवळ झालं, कडा स्टोमात रुतली, रक्त आलं, तरी दुखत नाही. कातडी जळजळते, स्टोमा मात्र गप्प राहतो. एरवी बोट फिरवून हे समजतं. बोटही बधिर असेल तर सांगणारं कुणीच उरत नाही. अशा माणसाने सगळं काम डोळ्यांकडे आणि कानांकडे द्यावं. मांडीएवढ्या उंचीवर उभा राहणारा आरसा घ्यावा, दिवस उजाडल्यावर पिशवी बदलावी, बंद करताना 'टक' ऐकू आलं का ते लक्ष देऊन ऐकावं, आणि धुण्याचं पाणी कोमट आहे की कढत ते बोटाने न बघता कोपराने बघावं.

आता किन्हवलीच्या सासऱ्यांसाठी. मला वाटतं त्यांनी दोन भागांची पिशवी सोडावी. तिची रिंग दाबून बसवायला दुसऱ्या हाताचा आधार लागतो. एकसंध पिशवी घ्यावी, खालून रिकामी करायची, आणि तिला क्लिप नको. शेपूट दोन-तीन घड्या घालून दाबलं की बंद होतं अशी, वेल्क्रोसारखी पट्टी असलेली घ्यावी. ती मांडीवर ठेवून एका तळहाताने बंद करता येते. भोक मुलाने सुट्टीच्या दिवशी कापून ठेवावं. त्याच वेळी मागच्या कागदाचा जो बारीकसा कान असतो, त्याला चिकटपट्टीचा बोटभर लांब तुकडा जोडून टोक दुमडून ठेवावं, म्हणजे अंधारातही हाती लागतं. कागद सोलताना पिशवी पाटावर, चकती वर करून ठेवायची आणि खालच्या शेपटावर वरवंटा ठेवायचा. वरवंटा हाच उजवा हात. आईने पुढे पुढे असंच केलं. सदरा हनुवटीखाली धरला तर नीट दिसत नाही, तो खांद्याशी कपड्याच्या चिमट्याने अडकवावा.

वेळ सकाळची, काही खायच्या आधीची, तेव्हा आतडं शांत असतं. खुर्चीत किंचित मागे रेलून बसावं, पोटाला घडी पडता कामा नये. जुनी पिशवी ओढायची नाही. कोमट ओल्या फडक्याने वरची कड भिजवून अंगठ्याने ती उचलायची आणि उरलेल्या बोटांनी कातडी खाली दाबत जायचं. खोबरेल लावून सोडवायची सवय असेल तर नंतर ते साबणाने पूर्ण काढावं, नाहीतर नवी चिकटणार नाही. नवी लावताना आधी खालची कड टेकवायची, मग वर वर न्यायची, आणि तळहात पाच मिनिटं तसाच ठेवायचा. ऊब लागली की चिकटा धरतो. पहिले आठ दिवस रिकामी पिशवी बनियनवर लावून सराव करावा. आईला पहिल्यांदा एकटीने बदलायला पन्नास मिनिटं लागली होती. मी पडवीत बसून होतो. पुढे ती पंधरा मिनिटांवर आली आणि एकटीने माहेरी राहूनही आली.

साहित्य कुठलं घ्यायचं ते नक्की करायला टाटा रुग्णालयाच्या स्टोमा क्लिनिकमध्ये किंवा मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियात सासऱ्यांना घेऊन जा, एकट्या जाऊ नका. पिशवीचं माप पोटावरून घेता येतं, पण हात त्यांचा त्यांनाच दाखवावा लागेल.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी: स्टोमाची जागा आधी पोटावर खूण करून ठरवतात. त्या वेळी बसून, उभं राहून, वाकून बघा की ती तुम्हाला दिसते का आणि जो हात चालतो तो तिथवर आरामात पोचतो का. बायकांनी परकर नेसून जावं. नाडी नेमकी कुठे येते ते नर्सला कळलं पाहिजे. आईच्या वेळी ती स्टोमाच्या वरूनच जात होती. शेवटी नाडी काढून रुंद इलॅस्टिक घातलं, वळलेल्या बोटांना ते सोपंही गेलं.

सूनबाईंनी स्टोमाच्या मापाचा फर्मा पाठवते म्हटलं आहे. पुठ्ठ्यावर वरची बाजू कुठली आणि पोटाकडची कुठली, ते पेनने लिहून पाठवा. चकतीवर आखणी मागच्या, म्हणजे कागदाच्या बाजूने होते. स्टोमा लांबट असेल आणि फर्मा उलटवायचा राहिला, तर भोक आरशातल्यासारखं उलटं पडतं. माझ्या पहिल्या चार चकत्या अशाच वाया गेल्या.