कर्नलला एक भाषा, वापरकर्त्याला दुसरी

१९७३ मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहिली गेली. तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सी हे समीकरण इतकं पक्कं झालं की, तिच्यात दुसरी भाषा मिसळणं अनेकांना गचाळपणाचं वाटतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा मूळ बेत मात्र निराळा होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा पहिल्याच निवेदनात सी आणि लिस्प या दोन्ही सिस्टीमच्या भाषा असतील असं सांगितलं होतं. ईमॅक्स या त्यांच्या मजकूर-संपादकाचा गाभा सी भाषेत आहे आणि उरलेला बहुतेक भाग लिस्पमध्ये; तो प्रोग्राम चालू असतानाच बदलता येतो. बहुभाषिक रचनेचं खरं समर्थन मला इथे दिसतं. बदल करण्याचा हक्क परवान्याने दिला, पण त्यासाठी आधी कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, बारकावे शिकावे लागत असतील, तर तो हक्क मूठभरांपुरताच उरतो.

खालच्या थरात प्रश्न सुरक्षिततेचा आहे. सीमध्ये मेमरीचा हिशेब प्रोग्रामरने ठेवायचा. परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली तरी कंपायलर सहसा अडवत नाही. रस्ट या भाषेचा कंपायलर अशा बहुतेक चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडतो. गूगलने अँड्रॉइडमधला जुना कोड बहुतांशी तसाच ठेवून नवा कोड रस्टसारख्या भाषांकडे वळवला. तिथल्या सुरक्षा-त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. मग सगळीकडे रस्टच का नको? कारण तिचा काटेकोरपणा जिथे गरजेचा नाही तिथेही त्याची किंमत मोजावी लागते. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मेमरीचा हिशेब आपोआप ठेवणाऱ्या गो भाषेत बिस्किट नावाचा कर्नल लिहून पाहिला. सारख्याच कामाचा सीमधला कोड शेजारी ठेवला, तेव्हा गो ५ ते १५ टक्के मंद ठरली. कर्नलमध्ये एवढा फरक खुपू शकतो. सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये तो कुणाला जाणवणारही नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप माणसांबद्दलचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ आवृत्तीपासून, लिनक्समध्ये रस्टला प्रवेश मिळाला आणि सीमध्ये काम करणारे काही देखभालकर्ते विचारू लागले: आम्ही आतली रचना बदलली आणि त्यामुळे रस्टचा कोड मोडला, तर दुरुस्त कोण करणार? प्रश्न रास्त आहे, कारण अशा प्रकल्पांत कोड तपासणाऱ्यांचा वेळ कायमच अपुरा असतो. पण लिनक्स आपल्या अंतर्गत जोडण्या स्थिर राहतील अशी हमी मुद्दामच देत नाही, त्यामुळे नवी भाषा सतत हलणाऱ्या सांध्यावर येऊन बसली. नव्या सिस्टीमला हे टाळता येतं. गूगलच्याच फुशिया या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये निरनिराळे भाग एकमेकांना निरोप पाठवतात. निरोपाचं स्वरूप एका वर्णनभाषेत एकदाच लिहिलं जातं आणि सी प्लस प्लस, रस्ट, डार्ट यांच्यासाठीचा जोडकोड त्यातून आपोआप तयार होतो. एका भागाचा कोड तपासणाऱ्याला दुसऱ्या भागाची भाषा यावीच लागत नाही. निरोपांना वेळ लागतो आणि प्रत्येक जादा भाषेबरोबर नवी साधनं सांभाळावी लागतात, म्हणून मी भाषांची संख्या तीनवर थांबवेन: हार्डवेअरलगत थोडी असेंब्ली, कर्नल आणि ड्रायव्हरसाठी रस्ट, आणि वरच्या थरात वापरकर्त्याला स्वतः बदलता येईल अशी एक सोपी भाषा.