रोल पाठवण्याआधी लॅबला हे विचारा
गावात फिल्म धुऊन देणारा स्टुडिओ उरला नसेल, तर रोल कुरिअरनं लॅबकडे पाठवावा लागतो. दर नंतर बघा. आधी विचारा, कोणती प्रक्रिया करता? कोडॅक गोल्डसारखी रंगीत निगेटिव्ह सी-४१ मध्ये धुतात: डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर, सव्वातीन मिनिटं. इलफर्ड एचपी५ ला कृष्णधवलची वेगळी रसायनं लागतात. एक्सपी२ मात्र कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच जाते (गंमतच आहे). सिनेमाच्या रिळातून कापून भरलेल्या स्वस्त रोलच्या पाठीला रेमजेटचा काळा थर असेल, तर डबीवर तसं ठळक लिहा. नाहीतर तो सुटून लॅबची रसायनं आणि दुसऱ्यांच्या फिल्मही नासवतो. स्कॅन मिळाले तरी निगेटिव्ह परत मागवाच. काही लॅब ठराविक मुदतीनंतर त्या टाकून देतात!