बास माशाच्या शिकाऱ्याची पहिली होडी

बैल विकत घेतांना जाणता शेतकरी त्याचे दांत पाहतो, चाल पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगावर तो भुलत नाहीं. अमेरिकेंतील नवख्या मत्स्यशिकाऱ्यालाहि पहिली होडी घेतांना हाच विवेक ठेवावा लागतो. कारण तिच्यांत त्याची शिल्लक तर गुंतलेली असतेच, पण पुष्कळदां त्याचीं मुलेंहि बसावयाचीं असतात.

‘बास’ हा गोड्या पाण्यांतील मासा. बुडालेल्या झाडांचे बुंधे, पाणवनस्पतींचे पुंजके, खडकांच्या कपारी यांच्या आडोशास तो दबा धरून बसतो. अशा अडचणीच्या जागीं गलबला न करतां शिरणारी नौका हवी, या गरजेंतूनच ‘बास बोट’ निर्माण झाली. १९४८ च्या सुमारास लुइझियाना संस्थानांतील श्रेव्हपोर्ट येथें होम्स थर्मंड यांनीं तसली पहिली होडी बांधली, असें मानतात. १९६७ सालीं रे स्कॉट यांनीं आर्कान्सा संस्थानांतील बीव्हर सरोवरावर मोठी स्पर्धा भरविली आणि या छंदास देशभर भरतें आलें. बुटक्या बाजू, रुंद बूड, उभें राहून गळ फेंकण्यासाठीं पुढेंमागें सपाट चौथरे, मासा जिवंत ठेवणारी पाण्याची टांकी, मागें पेट्रोलचें मोठें यंत्र आणि पुढच्या टोकाशीं विजेचें जवळजवळ निःशब्द असें लहान यंत्र, हीं या होडीचीं लक्षणें होत.

होडी कोणती, या प्रश्नाआधीं पाणी कोणतें, हा प्रश्न सोडवावा लागतो. लहान तळीं आणि नद्या यांस सोळासतरा फुटांची ॲल्युमिनियमची होडी पुरते. ती हलकी असते, लहान मोटारीमागें ओढतां येते, बुंध्यावर आपटली तरी सहसा फुटत नाहीं. मात्र वाऱ्यानें ती सहज ढकलली जाते व लाटांवर फार आदळते. टेक्ससमधील सॅम रेबर्नसारख्या विस्तीर्ण जलाशयावर वारा सुटला म्हणजे बुटक्या बाजूंवरून पाणी आंत येऊं शकतें. तेथें फायबरग्लासची मोठी, जड होडी अधिक स्थिर राहते. पण तिची किंमत, तिचें यंत्र आणि ती ओढणारी मोटार हीं सर्वच भारी असतात.

वीस फुटांहून लहान अशा यांत्रिक होडीवर एक पट्टी बसविलेली असते. किती माणसें, एकंदर किती वजन व कमाल किती अश्वशक्तीचें यंत्र, हें तीवर लिहिलेलें असतें. विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षां या पट्टीवर विश्वास ठेवणें शहाणपणाचें.

पहिली होडी बहुधा जुनी घेतली जाते, आणि फसगत येथेंच होते. ज्या मागच्या फळीवर यंत्र टांगलेलें असतें, तिच्या गाभ्यांत पुष्कळ जुन्या होड्यांमध्यें लांकूड असतें. तें आंतून कुजलें तरी वरचा रंग चकचकीतच राहतो. यंत्र वर उचलून त्यावर हातानें दाब द्यावा. फळी लवली वा तिला भेगा दिसल्या, तर सौदा सोडावा. खालच्या दांतचक्रांचें तेल दुधासारखें पांढुरकें असेल, तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. यंत्र थंड असतांनाच सुरू करून पाहावें, प्रत्येक सिलिंडरचा दाब जाणत्याकडून मोजवावा, आणि पाण्यावर फेरी मारल्याविना पैसे देऊं नयेत. ओढगाडीचीं चाकें, मालकीचे कागद, विमा, विजेचे घट व प्राणरक्षक जाकिटें यांचा खर्चहि आधींच धरावा.

शेवटची वस्तु अगदीं स्वस्त आहे. चालकाच्या अंगास अडकविलेली एक दोरी. तो पाण्यांत फेंकला गेला कीं यंत्र तत्काळ बंद पडतें. ती नसेल तर मोकाट होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊं शकते. १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांहून लहान अशा बहुतेक वेगवान होड्यांवर ती वापरणें अमेरिकन कायद्यानें आवश्यक केलें आहे. मासा मिळाला नाहीं, तर पुन्हां जातां येतें. मात्र पुन्हां जाण्यासाठीं आधीं सुखरूप घरीं परतावें लागतें.